तिरुवल्लिकेणीचा काटकोन

रात्रीची जेवणे उरकली की पायक्रॉफ्ट्स रोडवरच्या एका घराच्या माडीवर दोन पाट्या निघायच्या. एक घरमालकाची, एस. नारायण अय्यर यांची. दुसरी त्यांच्याच कचेरीतल्या एका कारकुनाची. अय्यर मद्रास पोर्ट ट्रस्टचे मुख्य लेखापाल होते. कारकून तिथेच तिसऱ्या वर्गाच्या चौथ्या श्रेणीत, महिना ३० रुपयांवर, १ मार्च १९१२ ला रुजू झालेले. दिवसा कारकून साहेबांचे ऐकत. रात्री माडीवर साहेब कारकुनाचे ऐकायला बसत आणि मध्येच त्यांना थांबवत : तुम्ही दोन पायऱ्यांत खाली उतरलात, मला दहा लागतात, त्या लिहून दाखवा. मग पाटीवर पेन्सिलीची कुरकुर पुन्हा सुरू होई, ती रात्री उशिरापर्यंत चाले.

हे कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. आणि ही पेठ तिरुवल्लिकेणी, इंग्रजांच्या जिभेवर ट्रिप्लिकेन. 'तिरु' म्हणजे श्री, 'अल्ली' म्हणजे कुमुद, 'केणी' म्हणजे तळे. पार्थसारथीचे पुरातन देऊळ, त्याच्यासमोरचे तळे, भोवती अरुंद गल्ल्या, खाणावळी, विद्यार्थ्यांची बिऱ्हाडे. पूर्वेला समुद्र हाकेच्या अंतरावर. लागूनच चेपॉक, तिथे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि मद्रास विद्यापीठाचे सिनेट हाऊस.

गणिताच्या इतिहासात या पेठेचे नाव रामानुजनांपुरते येते आणि तिथेच संपते. मला ते अपुरे वाटते. या परिसरातल्या थोड्या माणसांनी एक गणिती नियतकालिक वाढवले, त्यात एका अनोळखी कारकुनाला जागा दिली आणि तीस वर्षांनी त्याच नियतकालिकात एका मराठी गणितज्ञाचा तेरा पानी लेख छापला. या कारकुनाच्या पुढच्या कामात आणि त्या मराठी लेखकाच्या लेखात एक समान गोष्ट आहे : काटकोन. भिंतींचा नव्हे, आकड्यांचा.

आधी माणसांकडे पाहू. डिसेंबर १९१० मध्ये रामानुजन नेल्लोरला जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांना भेटायला गेले. कॉलेजची परीक्षा नापास, नोकरी नाही, काखेत वह्या. राव तंजावरच्या मराठी देशस्थ समाजातले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यापासून कावेरीकाठी भोसल्यांचे राज्य उभे राहिले, त्या राज्याच्या आश्रयाने मराठी घराणी तिकडे रुजली आणि राज्य गेल्यावर इंग्रजी अमदानीतल्या महसूल खात्यात, न्यायखात्यात, संस्थानांच्या दिवाणगिरीत मोठ्या हुद्द्यांवर चढली. राव स्वतः गणिताचे शौकीन. पहिल्या भेटीत त्यांना वह्यांतले फारसे काही उमगले नाही आणि माणूस खरा आहे की नाही याचीही खात्री पटेना. पण त्या मळक्या कपड्यांतल्या तरुणाचे चमकणारे डोळे मात्र त्यांच्या मनात राहिले, ते त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. दोन-तीन भेटींनंतर खात्री पटली तेव्हा त्यांनी विचारले, तुम्हाला हवे तरी काय? रामानुजनांचे मागणे एवढेच होते की पोटाची चिंता मिटावी, म्हणजे गणित करायला वेळ मिळेल. राव महिन्याला २५ रुपये आपल्या खिशातून पाठवू लागले.

त्या पैशांवर रामानुजन १९११ मध्ये तिरुवल्लिकेणीतल्या 'समर हाऊस' नावाच्या बिऱ्हाडात राहिले. विद्यार्थी दाटीवाटीने राहत अशी ती जागा. फुकटचे पैसे घेणे त्यांच्या मनाला खात होते. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत २० रुपयांची हंगामी नोकरी त्यांनी काही आठवडे केली आणि ९ फेब्रुवारी १९१२ ला याच पेठेच्या पत्त्यावरून पोर्ट ट्रस्टकडे अर्ज धाडला.

राव काय, नारायण अय्यर काय, ही माणसे एका धाग्याने बांधलेली होती. व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरने १९०७ मध्ये देशभरातल्या गणितप्रेमींना एकत्र करून एक मंडळ काढले. तेच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाले. नारायण अय्यर तिचे खजिनदार. मंडळाचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात. तिथून पुस्तके आणि परदेशी नियतकालिके टपालाने सभासदांच्या घरी जात. मंडळाचे 'जर्नल' मात्र मद्रासहून निघे. पुस्तके पुण्यात आणि छापखाना मद्रासेत, अशी ती वाटणी. सरकारी कागद हातावेगळे करून रात्री समीकरणे सोडवणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. विद्यापीठे त्या काळी परीक्षा घेण्यात गुंतलेली असताना संशोधनाला कागद आणि शाई यांनी पुरवली.

१९११ मध्ये या जर्नलात रामानुजनांनी वाचकांना एक प्रश्न घातला, क्रमांक २८९. वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, असे न संपणारे पद, त्याची किंमत काढा. सहा महिने कुणाचेच उत्तर आले नाही. उत्तर होते ३. त्याच वर्षी बर्नुली संख्यांवरचा त्यांचा पहिला संशोधन लेख तिथे आला. संपादक एम. टी. नारायणय्यंगार यांनी तो दुरुस्तीसाठी तीनदा परत पाठवला होता, कारण मधल्या पायऱ्या गाळून लिहिण्याची लेखकाची सवय वाचकांना झेपणारी नव्हती. पायक्रॉफ्ट्स रोडवरच्या माडीवर नारायण अय्यर जे तोंडी सांगत, तेच नारायणय्यंगार टपालाने सांगत होते.

याच वर्षांत जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन गावी काटकोनाला नवे घर मिळत होते.

काटकोन आपल्याला शाळेपासून ठाऊक. गवंडी भिंतीच्या कोपऱ्यात गुण्या लावून पाहतो, शुल्बसूत्रांतले याज्ञिक दोरीने वेदीचा कोपरा साधत. आता हाच काटकोन आकड्यांनी ओळखायचा. कागदावर एक बाण असा काढा की तो उजवीकडे ३ आणि वर ४ जाईल. दुसरा उजवीकडे ४ आणि खाली ३. पहिल्याची जोडी (३, ४), दुसऱ्याची (४, −३). पहिल्याला पहिल्याने गुणा, दुसऱ्याला दुसऱ्याने, आणि बेरीज करा : १२ आणि −१२, मिळून शून्य. बेरीज शून्य आली की दोन बाण एकमेकांना लंब. या बेरजेला म्हणायचे आंतर गुणाकार. बाणाला त्याच्या स्वतःशीच गुणले तर त्याच्या लांबीचा वर्ग मिळतो : ९ आणि १६, म्हणजे २५, म्हणजे लांबी ५. कोन आणि लांबी, भूमितीचे दोन्ही खांब एकाच गुणाकारात आले.

दोनच्या जागी तीन आकडे घेतले तर खोलीतला कोपरा. चार घेतले तर चित्र संपते, पण हिशेब संपत नाही. हजार आकड्यांच्या दोन याद्या घ्या, तसेच गुणा, तशीच बेरीज करा. शून्य आले तर त्या याद्या लंब म्हणायला काय हरकत आहे? आणखी पुढे जाऊन यादीच्या जागी अखंड वक्ररेषा, म्हणजे फलन, घ्या आणि बेरजेच्या जागी संकलन. ग्यॉटिंगेनच्या डाव्हिड हिल्बर्ट यांनी १९०४ पासून या वाटेने काम केले, आणि त्यांचे शिष्य एर्हार्ड श्मिट यांनी १९०७ मध्ये तिरक्या दिशांच्या घोळक्यातून लंब दिशा काढण्याची रीत नीट मांडली. रीत साधी आहे : नव्या दिशेची जुन्या दिशांवर जी सावली पडते ती वजा करायची. उरेल ते लंब. डेन्मार्कच्या ग्राम यांनी १८८३ मध्ये हाच मार्ग चोखाळला होता, म्हणून आज दोघांचे नाव जोडून घेतात.

लंब दिशांचे एवढे कौतुक कशासाठी? खोलीची लांबी मोजताना रुंदीचा विचार करावा लागत नाही, त्या भिंती काटकोनात आहेत म्हणून. तिरक्या भिंती असत्या तर एक माप बदलले की दुसरे हलले असते. गुंतागुंतीच्या फलनाचे लंब तुकडे पाडता आले, तर प्रत्येक तुकड्याचे प्रमाण स्वतंत्रपणे, एका आंतर गुणाकाराने, काढता येते. बाकीचे तुकडे हलतही नाहीत. जोझेफ फूरिए यांनी उष्णतेच्या अभ्यासात ज्या लहरी वापरल्या, त्यांची खरी ताकद ही होती.

रामानुजनांच्या हाती यातले काही आले नव्हते. त्यांचे मूळ पुस्तक कार यांचा सूत्रसंग्रह, त्यात विसाव्या शतकाचे गणित कुठून असणार? १६ जानेवारी १९१३ ला त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले, त्याच वर्षी १ मेपासून मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. आयुष्यात प्रथमच गणित करण्याचा पगार मिळाला. हनुमंतरायन कोइल स्ट्रीटवर आई आणि पत्नी जानकी यांच्यासह त्यांचे बिऱ्हाड होते. वृत्तीच्या अटीप्रमाणे दर तिमाहीला त्यांनी अहवाल दिले, एकूण तीन. १७ मार्च १९१४ ला ते इंग्लंडच्या बोटीत बसले.

केंब्रिजमध्ये आजारपण बळावलेले असताना, १९१८ मध्ये, त्यांचा एक लेख आला. विषय काही त्रिकोणमितीय बेरजा. वर्तुळाचे q सारखे भाग करा, त्यांतले q शी ज्यांचा सामाईक भाजक फक्त १ आहे तेवढेच बिंदू निवडा, आणि त्यांच्या n पट फिरवलेल्या स्थानांची बेरीज घ्या. अशा बेरजा रामानुजनांच्या आधीही इतरांच्या हाती आल्या होत्या, पण त्यांचे मोल ओळखले रामानुजनांनीच, हे हार्डींनी नमूद केले आहे. व्याख्या अवघड वाटली तरी उत्तरे पाहा. q = २ साठी यादी येते −१, १, −१, १, पुन्हा पुन्हा तीच. q = ३ साठी −१, −१, २, पुन्हा −१, −१, २. q = ४ साठी ०, −२, ०, २. सगळे पूर्णांक. वर्तुळावरचे बिंदू काल्पनिक संख्यांत बोलतात, पण त्यांची सभा भरली की ठराव पूर्णांकातच होतो.

यातून त्यांनी संख्यांचे जुने गुणधर्म या ठेक्यांवर बसवून दाखवले. एखाद्या संख्येच्या सगळ्या भाजकांची बेरीज घ्या आणि तिला त्या संख्येने भागा. हे गुणोत्तर एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जाताना वेडेवाकडे उडते : ११ साठी १२/११, १२ साठी २८/१२. रामानुजनांनी दाखवले की त्याची सरासरी पातळी आहे पायचा वर्ग भागिले ६. त्या पातळीवर दोनचा ठेका चौथ्या हिश्शाने चढवा, तीनचा नवव्या हिश्शाने, चारचा सोळाव्या हिश्शाने, असे चढवत गेले की ते उड्या मारणारे गुणोत्तर नेमके हाती येते. मृदंगाच्या अनेक आवर्तनांनी मिळून एकच बोल उमटावा, तसे.

त्या लेखात लंबतेची चर्चा नाही. पण दोनचा आणि तीनचा ठेका शेजारी ठेवून पाहा. सहा मात्रांवर दोघांचे आवर्तन एकत्र पूर्ण होते.

दोनचा : −१, १, −१, १, −१, १
तीनचा : −१, −१, २, −१, −१, २

जोडीजोडीने गुणा : १, −१, −२, −१, १, २. बेरीज करा. शून्य.

दोनचा ठेका तीनच्या ठेक्याला लंब आहे. दोन-चारचे करून पाहा, पाच-सहाचे करून पाहा, कुठलेही दोन वेगळे q घ्या. समान आवर्तनावर बेरीज शून्यच येते. मी शाळेत शिकवत असतो तर मुलांना सगळ्यात आधी हे फळ्यावर करायला लावले असते. यासाठी बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे काही लागत नाही, आणि तरी काटकोन भिंतीवरून उडून आकड्यांच्या यादीत बसताना डोळ्यांसमोर दिसतो. ही लंबता आर. डी. कारमायकेल या अमेरिकन गणितज्ञाने १९३२ मध्ये मांडली आणि तिच्या आधारे त्या प्रमाणांना अर्थ दिला : प्रत्येक ठेक्याचे प्रमाण म्हणजे त्या ठेक्यावर पडलेली सावली. रामानुजन १९१९ मध्ये मद्रासला परतले होते आणि २६ एप्रिल १९२० ला, ३२व्या वर्षी, चेटपेटच्या घरात गेले. हा अर्थ त्यांना दिसला होता का, हे मला स्वतःला विचारावेसे वाटते. त्यांच्या वह्यांतला सूर पाहता दिसला असावा असे माझे मन म्हणते, इतकेच.

जर्नल चालू राहिले. १९२७ पासून त्याची सूत्रे आर. वैद्यनाथस्वामी यांच्याकडे आली. ते मद्रास विद्यापीठात, म्हणजे तिरुवल्लिकेणीच्या उंबऱ्यावर, शिकवत. स्वतः अंकशास्त्रीय फलनांवर त्यांनी १९३१ मध्ये मोठे काम केले होते. त्यांच्या संपादनाच्या काळात, १९४३ मध्ये, जर्नलच्या नव्या मालिकेच्या ७व्या खंडात पृष्ठ ७६ ते ८८ वर एक लेख आला. लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी. फर्ग्युसन कॉलेज, पुणे.

मराठी वाचकाला कोसंबी इतिहासकार म्हणून ठाऊक : जुन्नर-कार्ल्याच्या पायवाटा तुडवणारे, नाण्यांचे वजन करून काळ ठरवणारे. पण त्यांचा पेशा गणिताचा. ३१ जुलै १९०७ ला गोव्यातल्या कोसबें गावी जन्म. म्हणजे श्मिटचा लेख, रामस्वामी अय्यरांचे मंडळ आणि कोसंबी एकाच वर्षाचे. वडील धर्मानंद बौद्ध वाङ्मयाचे पंडित, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलेले. मुलाने हार्वर्डची पदवी १९२९ मध्ये घेतली, बनारस आणि अलीगढला शिकवले, मग फर्ग्युसनमध्ये आला. मंडळाचे ग्रंथालय त्याच आवारात. पुण्याच्या कपाटातून वाचायचे आणि मद्रासच्या जर्नलात लिहायचे, ही १९०७ सालची वाटणी कोसंबींच्या हातून पुरी वसूल झाली असे मला वाटते.

लेखाचा विषय 'फलन-अवकाशातील संख्याशास्त्र'. कल्पना अशी. समजा, पुण्याच्या पावसाचा जून ते सप्टेंबरचा आलेख आपण दर वर्षी काढला. प्रत्येक वर्षाची एक वक्ररेषा. शंभर वर्षांच्या शंभर. संख्याशास्त्रज्ञ एरवी त्यातून एखादा आकडा उचलतो : एकूण पाऊस, सर्वात ओला दिवस. कोसंबींनी अख्खी वक्ररेषाच एक बिंदू मानली, अनंत दिशा असलेल्या अवकाशातला. शंभर वर्षे म्हणजे त्या अवकाशातला शंभर बिंदूंचा ढग. आता या ढगात दिशा शोधायच्या, एकमेकींना लंब अशा. पहिली ढग जिकडे सर्वात जास्त पसरला आहे तिकडची. दुसरी पहिलीला लंब राहून उरलेल्यांत जास्तीत जास्त पसाऱ्याची. मग तिसरी. बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार दिशांतच ढगाचा जवळपास सगळा पसारा सापडतो. अनंत दिशांचे ओझे तीन-चार आकड्यांवर येते.

फूरिएच्या लहरी आधीच ठरलेल्या असतात, माहिती कुठलीही असो. इथे लंब दिशा माहितीनेच घडवायच्या. पावसाने आपला गुण्या आपणच तासायचा. लेखाचे मर्म मला हे वाटते.

पुढच्या चार-पाच वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समध्ये काम करणारे मिशेल लोएव्ह यांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली, आणि सिद्धांताला त्यांची नावे लागली. १९६७ मध्ये जॉन लम्ली यांनी खळबळणाऱ्या प्रवाहांच्या अभ्यासात तो आणला. विमानाच्या पंखामागचे भोवरे, चेहऱ्यांची छायाचित्रे ओळखणे, हवामानाच्या नकाशांतले नमुने, अशा अनेक कामांत तो आज रोजच्या वापरात आहे. युद्धकाळात मद्रासच्या जर्नलात छापलेला लेख युरोपात कोण वाचणार? आणि कोसंबीही तिथे थांबले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रांवरची अंतरे मोजण्याचे सूत्र दिले, जनुकशास्त्रात ते त्यांच्या नावाने चालते. १९४५ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, मग नाणी, मग गुहा. फलन-अवकाश मागे राहिला. हवाई विज्ञानातले ज्येष्ठ संशोधक रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये 'रेझोनन्स' मासिकात लेख लिहून कोसंबींचा अग्रक्रम ठामपणे मांडला, तोवर ६८ वर्षे उलटली होती आणि कोसंबींना जाऊनही ४५.

मला हळहळ वाटते ती नाव हुकल्याची कमी आणि संवाद हुकल्याची जास्त. त्या लेखानंतर कुणी त्यांना पत्र पाठवले असते, कुणी मद्रासच्या एखाद्या माडीवर बसून म्हटले असते की मला आणखी दहा पायऱ्या लिहून दाखवा, तर कोसंबी त्या विषयात आणखी काही वर्षे राहिले असते. नारायण अय्यरांचे मोल अशा वेळी कळते.

रामानुजनांच्या नावाची गणितसंस्था १९५० मध्ये अळगप्पा चेट्टियार यांच्या देणगीतून मद्रासला उभी राहिली, पुढे मद्रास विद्यापीठात सामावली आणि आज चेपॉकच्या आवारात आहे. तिचा आणि तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांचा पिनकोड एकच, ६००००५. पायक्रॉफ्ट्स रोडला आता भारती सालै म्हणतात, याच पेठेत अखेरचे दिवस काढलेल्या सुब्रमण्य भारतींच्या नावाने.

रामानुजनांचे ते ठेके मात्र अलीकडे नव्याने जागे झाले. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेचे पी. पी. वैद्यनाथन यांनी प्रत्येक q च्या यादीपासून आणि तिच्या सरकवलेल्या प्रतींपासून एक-एक उपअवकाश बांधला. हे उपअवकाश एकमेकांना लंब. त्यांना त्यांनी रामानुजन उपअवकाश हे नाव दिले. एखाद्या संकेतात कुठल्या आवर्तनाचा ठेका लपला आहे, हे त्यांच्यावरची सावली मोजून काढता येते. सजीवांच्या डीएनएमध्ये प्रथिनांचा पाठ लिहिलेल्या भागांत दर तीन अक्षरांनी एक लय येते, कारण तीन-तीन अक्षरांचा एक-एक शब्द असतो. बाकीच्या भागांत ती लय सहसा नसते. संशोधक अक्षरांना आकडे देतात आणि त्या लांबलचक यादीवर तीनचा ठेका सरकवत नेतात : −१, −१, २, −१, −१, २. गुणायचे, बेरीज करायची. शून्याच्या आसपास उत्तर येत राहिले की पुढे सरकायचे. जिथे बेरीज एकदम वर चढते, तिथे खूण करायची.